निळ्या शाईचा हिशोब

एप्रिल महिना तोंडावर आला की आपल्या वस्त्यांत दोनच गोष्टी बोलल्या जातात. वर्गणी किती जमली आणि फ्लेक्स केवढा लावायचा. पहिला प्रश्न मंडळाचा, दुसरा आमचा. आम्ही हिंगोली जिल्ह्यात वसमतला फ्लेक्स छपाईचे लहानसे दुकान चालवतो. आम्ही म्हणजे आम्ही उभयता आणि आमचे आबा. पगारी माणूस ठेवण्याची ऐपत नाही, म्हणून एक जण मशीनशी, एक जण संगणकाशी आणि आबा बाकड्यावर, अशी घरातच वाटणी. बटण दाबले की फ्लेक्स निघतो, असे पुष्कळांना वाटते. बटण आम्ही दाबतोच. पण त्या बटणामागे शाई असते, शाईला हिशोब असतो आणि ऐन छपाईत शाई सरत आली तर काय करायचे याची एक रीत असते. आपल्या समाजातली कितीतरी मुले आज या धंद्यात आहेत. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्याकडून फ्लेक्स करून घेणाऱ्या मंडळांसाठी, ही रीत सांगावीशी वाटते.

आबा मूळचे पेंटर. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, तेव्हापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत किती मोर्चांचे बॅनर त्यांनी रंगवले याची मोजदाद त्यांनाही नाही. पांढरे मांजरपाट ताणून बांधायचे, खडूने ओळी आखायच्या आणि मग ब्रश चालवायचा. १ मे १९९९ रोजी आमचा हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, तेव्हाही आमच्या गल्लीत फ्लेक्स हा शब्द कोणी उच्चारत नव्हते. पुढे फ्लेक्स आला आणि आबांचे ब्रश फळीवर गेले. हातचे काम गेले, पण डोळा राहिला. त्या डोळ्यावर आमचे दुकान आजही चालते.

आबांचा एक नियम होता. निळा कालवायचा तर सगळ्या बॅनरला पुरेल एवढा एकदम कालवायचा. ते म्हणतात, "दुसऱ्या खेपेला कालवलेला निळा पहिल्याशी जुळत नाही. डब्यात फरक कळत नाही, वाळला की रस्त्याच्या त्या टोकावरून कळतो." ब्रशाच्या जागी आज मशीन आले, डब्याच्या जागी कार्ट्रिज आली; पण हा नियम काही बदललेला नाही.

आता मशीनची गोष्ट. आमचे मशीन सहा फुटी, इको-सॉल्व्हंट शाईचे, दुसऱ्या हाताने घेतलेले. त्यात चार खण आणि चार कार्ट्रिज. एकीत निळा, त्याला आम्ही सायन म्हणतो. दुसरीत किरमिजी, म्हणजे मॅजेंटा. तिसरीत पिवळा आणि चौथीत काळा. प्रत्येकीत ४४० मिली शाई मावते. या चारांतूनच सगळे रंग होतात. घरातल्या मुलांना ही गंमत पंचरंगी धम्मध्वजावरून समजावून द्यावी. १८८५ साली श्रीलंकेत हा ध्वज प्रथम फडकला. त्यातला पिवळा पट्टा सरळ पिवळ्या शाईचा. लाल पट्टा किरमिजी आणि पिवळा मिळून होतो. केशरी पट्ट्यातही तेच दोन, फक्त किरमिजी कमी. निळा पट्टा सायन आणि किरमिजी मिळून होतो. आणि पांढरा? पांढरी शाई आमच्या मशीनमध्ये नाहीच. तिथे फ्लेक्स कोरा सोडतात, त्याचा स्वतःचा पांढरेपणा म्हणजे पांढरा रंग. मुलांना हे सांगितले की ती भिंगातून फ्लेक्स पाहायला लागतात आणि त्यांना बारीक ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांतूनच सारे चित्र उभे राहते.

शाईला पंचांग कळते असे आम्ही गमतीने म्हणतो. हिंगोलीच्या दसऱ्याला पिवळा आणि किरमिजी भराभर सरतात. शाळांच्या जाहिरातींत काळा जातो. एप्रिलमध्ये मात्र निळ्याची धाव. १९४२ साली स्थापन झालेल्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या झेंड्यापासून निळा हा आपला रंग झाला. ११ एप्रिलला जोतीराव फुले जयंती, १४ एप्रिलला भीमजयंती, मेमध्ये बुद्धपौर्णिमा. जो येतो तो म्हणतो, जमीन गडद निळी ठेवा. पण तो गडद निळा एकट्या सायनने होत नाही. एकट्या सायनने आकाशी रंग येतो. त्यात किरमिजी भरपूर मिसळला तरच आपल्या झेंड्याचा निळा उतरतो. म्हणून एप्रिलमध्ये सायनच्या जोडीला मॅजेंटाही राखून ठेवावी लागते. नव्या मुलांना हे ठाऊक नसते. ती सायनच्या चार कार्ट्रिज आणून ठेवतात आणि १३ तारखेच्या रात्री मॅजेंटासाठी धावतात. वसमतहून नांदेड चाळीसेक किलोमीटर. पण रात्री अकराला तिथले तरी कोणते दुकान उघडे असणार?

हिशोब कसा करायचा तेही सांगतो. आमच्या वहीप्रमाणे गडद निळ्या जमिनीच्या फ्लेक्सला चौरस फुटाला सगळे रंग मिळून दीड मिलीच्या आसपास शाई लागते. तिच्यात सायनचा वाटा सर्वांत मोठा, चाळीस-पंचेचाळीस टक्के. म्हणजे २० बाय १० फुटांचा फ्लेक्स २०० चौरस फूट, शाई ३०० मिली, त्यात सायन १३० मिली. एका भरलेल्या कार्ट्रिजमध्ये असे तीन फ्लेक्स होतात, चौथ्याला ती पुरणार नाही. प्रत्येक मशीनचे, प्रत्येक शाईचे माप वेगळे असते, तेव्हा आमचे आकडे उचलू नका; आपली वही आपण ठेवा. मशीनच्या पडद्यावर शिल्लक शाईच्या पट्ट्या दिसतात, पण त्या अंदाजाच्या. शाई किती गेली आणि कशावर गेली हे हातात पेन धरून लिहिले की अंदाज पक्का होत जातो.

मागे एका १२ एप्रिलच्या रात्री या वहीने आमची लाज राखली. गावाबाहेरच्या एका वस्तीच्या मंडळाने २० बाय १० चा फ्लेक्स सांगितला होता. आमच्याकडे मार्च-एप्रिल म्हणजे हळदीचा हंगाम. काढणी, शिजवणी, वाळवणी, पॉलिश यांत मजूर माणसाला चार पैसे मिळतात, आणि त्यातूनच जयंतीची वर्गणी निघते. मंडळाच्या पोरांनी आगाऊ रक्कम मोजून दिली, ती दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांत. काही नोटांना हळदीचा पिवळा लागलेला होता. असा पैसा हातात घेतल्यावर फ्लेक्सवर डाग पडून चालत नाही. आमच्याही घरात त्या महिन्यात लेकीची फी भरायची होती. तेव्हा हा एक फ्लेक्स दोन्ही घरांचा होता.

सहा फुटी मशीनवर दहा फूट उंचीचा फ्लेक्स एका तुकड्यात निघत नाही. २० फूट लांब आणि ५ फूट रुंद अशा दोन पट्ट्या काढून त्या सोल्यूशनने जोडायच्या. वरच्या पट्टीत बाबासाहेब, तथागत, फुले दाम्पत्य आणि शाहू महाराज यांचे चेहरे. खालच्या पट्टीत मंडळाचे नाव, कार्यक्रम आणि उजव्या बाजूला दीक्षाभूमीचा स्तूप, झाडे आणि माणसांची गर्दी. चेहऱ्यावरून जोड जाऊ नये म्हणून अशी आखणी. जोड बाबासाहेबांच्या निळ्या कोटावरून जात होता. कोटाचा वरचा निळा आणि खालचा निळा जुळला नाही, तर लांबूनही दिसणार. पट्टी मशीनमधून आडवी बाहेर पडते, म्हणजे चित्राच्या डाव्या टोकापासून सुरू होऊन उजव्या टोकाला संपते, हे ध्यानात ठेवा. पुढचा सगळा विचार त्यावरच आहे.

काम सुरू केले तेव्हा सायन १८० मिली होती आणि लागणार होती १३०. हिशोब पुरत होता. पण वरची पट्टी दोन-तृतीयांश निघाली आणि वीज गेली. आमचा इन्व्हर्टर संगणक आणि दिवे ओढतो, मशीन ओढत नाही. वीज गेली की पहिले काम हेड सांभाळण्याचे. मशीनच्या माहितीपुस्तकात सांगितले असेल त्या रीतीने ते हलक्या हाताने टोपीवर नेऊन ठेवायचे, कारण उघड्यावर राहिलेल्या हेडची नोझले वाळतात. वीज परत आली ती तासाभराने. अर्धवट पट्टी पुढे चालू करता येत नाही, तिथे रेघ राहतेच. ती बाजूला काढली, हेडची सफाई केली, नोझलची चाचणी छापून पाहिली आणि वरची पट्टी पहिल्यापासून घेतली. ती नीट निघाली. पण वाया गेलेल्या छपाईने आणि सफाईने शाई खाल्ली. वही सांगत होती की सायन साठ मिलीच्या आसपास उरली आहे, आणि खालच्या पट्टीला लागणार पासष्ट.

दोन वाटा होत्या. एक, खालची पट्टी सुरू करण्याआधीच नवी कार्ट्रिज घालायची. दुसरी, जुनीवर सुरू करायची आणि वाटेत आपल्या हाताने बदलायची. एरवी आम्ही पहिली वाट धरतो, आणि नव्या मुलांनीही तीच धरावी. त्या रात्री आबांनी कोटाकडे बोट केले. "एवढा भाग वरच्या डब्यातलाच हवा," एवढेच ते म्हणाले. कोट सात फुटांपासून तेरा फुटांपर्यंत होता. तिथवर जायला चाळीस-बेचाळीस मिली पुरेशी. म्हणजे कोट जुन्या शाईत निघतो, आणि त्यानंतर स्तूपापाशी, झाडे आणि गर्दी असलेल्या जागी, बदल करता येतो. मशीन स्वतः थांबेपर्यंत वाट पाहिली असती तर शाई संपली असती ती अठरा-एकोणीस फुटांवर, सपाट निळ्या जमिनीवर. सपाट रंगावर थांबल्याची रेघ सर्वांत ठळक दिसते. पाने, फुले, गर्दी अशा भरलेल्या चित्रात ती लपते. थांबायचेच असेल तर कुठे थांबायचे हे आपण ठरवावे, मशीनवर सोडू नये.

नवी सायन कार्ट्रिज घरात होती. मार्चमध्ये जुनीबरोबरच आणलेली, दोन्हींचा बॅच नंबर एक. ती संध्याकाळपासूनच खोक्यातून काढून मशीनजवळ ठेवलेली. रंगाचे कण तळाशी बसतात म्हणून ती हळूहळू उलटसुलट केली, खळखळ हलवली नाही. हलवली की फेस होतो आणि फेसात हवा असते. हातात मोजे घातले, खिडकी उघडली. पंधराव्या फुटावर स्तूपाशेजारची झाडे येताच पॉज दाबला. रद्द करण्याचे बटण वेगळे असते, आणि मशीनची वीज तर बंद करायचीच नाही. हेड आपल्या टोपीवर जाऊन बसले. मग जुनी कार्ट्रिज काढली आणि लगेच नवी बसवली. नवी हातात आल्याशिवाय जुनी काढू नये, कारण खण उघडा राहिला की नळीत हवा शिरते. चिपला आणि शाईच्या तोंडाला बोट लावले नाही. 'खट्' आवाज येईपर्यंत ती आत सरकवली, पडद्यावर पट्टी भरलेली दिसली आणि काम पुढे चालू केले. अर्धे मिनिट लागले असेल. उशीर झाला असता तर थांबलेली कड वाळून रेघ जाड झाली असती.

नंतरचे चार-सहा इंच आम्ही तिघेही श्वास धरून पाहत होतो. नळीत हवा शिरली असेल तर याच ठिकाणी पांढऱ्या बारीक रेघा येतात. त्या आल्या नाहीत. दिवा तिरपा धरल्यावर झाडांच्या पानांत केसाएवढी एक खूण सापडली, तीही कुठे शोधायची ते माहीत होते म्हणून. पहाटे पट्ट्या जोडल्या, कडा दुमडल्या, आयलेट मारले. सकाळी मंडळाची पोरे आली. त्यांनी आधी चेहरे पाहिले, मग सगळ्यांची नावे एकेक करून वाचली. एकाने कोटावरच्या जोडावरून बोट फिरवले, मान हलवली आणि टेम्पो दारापर्यंत आणायला सांगितले. आबा तोवर बाकड्यावरच झोपी गेले होते.

या धंद्यात पडणाऱ्या मुलांना दोन-तीन गोष्टी आणखी सांगतो. स्वस्तातली सुटी शाई मिळते म्हणून वेगळ्या जातीची शाई मशीनमध्ये भरू नका. साधी सॉल्व्हंट, इको-सॉल्व्हंट आणि पाण्याची शाई या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत दुसरी मिसळली तर शाई फाटते, गाळ होतो आणि हेड बंद पडते. हेडची किंमत ऐकली की वाचवलेले पैसे आठवतसुद्धा नाहीत. कार्ट्रिज घेताना मुदतीची तारीख आणि बॅच नंबर दुकानातच वाचा. एकदा एका दुकानदाराने मुदत उलटायला आलेली कार्ट्रिज आमच्या माथी मारली होती. निळा फिका उतरला आणि ती परत घ्यायला तो तयार होईना. तेव्हापासून पावतीवर आम्ही बॅच नंबर लिहून घेतो. अर्धी राहिलेली कार्ट्रिज फेकू नका. मोठे काम नव्या कार्ट्रिजवर करा, उरलेली नंतर स्टिकर आणि लहान बोर्डांना वापरा.

आरोग्याचेही बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे दुकान आणि घर बहुधा एकाच छपराखाली असते. इको म्हटले तरी ती रसायनाचीच शाई आहे. दारे-खिडक्या उघड्या ठेवा, पंखा वास बाहेर फेकेल असा लावा. रबरी मोजे घाला. डोळ्यांत उडाली तर पुष्कळ स्वच्छ पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा. लहान मुले, गरोदर भगिनी यांना छपाईच्या खोलीत झोपवू नका. सफाईतली वाया शाई बाटलीत साठवा, नालीत ओतू नका. रिकाम्या कार्ट्रिज लहान पोरांना खेळायला देऊ नका. आणि फ्लेक्सचे तुकडे चुलीत घालू नका. ते पीव्हीसी असते, त्याचा धूर विषारी असतो.

मंडळांनाही हात जोडून विनंती. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. तेव्हा दुकानदाराला जाडी विचारा. फ्लेक्स लावण्याआधी नगरपरिषदेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी घ्या, बांबू आणि दोरी मजबूत पाहा, आणि जयंती झाली की आपणच सन्मानाने उतरवा. महापुरुषांचा चेहरा असलेला फ्लेक्स पायाखाली किंवा गोठ्यावर जाऊ नये. आणखी एक गोष्ट सांगतो, ती सांगण्यात आमच्याच धंद्याचा तोटा आहे. मोठ्या फ्लेक्सवर वर्ष घालू नका आणि कार्यकर्त्यांच्या नावांसाठी वेगळी छोटी पट्टी करा. मोठा फ्लेक्स गुंडाळून विहारात सावलीत ठेवला तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतो. वाचलेल्या वर्गणीतून वस्तीतल्या मुलांना वह्या घ्या.

आणि काम १२ तारखेच्या रात्री आणू नका, मार्चमध्येच आणा. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हापासून छापलेल्या शब्दाची किंमत आपल्या समाजाला कळलेली आहे. तो शब्द छापणारा माणूस शेजारच्याच गल्लीत राहतो, त्यालाही झोप लागते आणि त्याच्याही घरी जयंती असते. वेळेवर काम आले तर तो नावांचे शुद्धलेखन दोनदा तपासील, शाई एका बॅचची आणील आणि १३ तारखेला दुकान बंद करून बायकामुलांसह मिरवणुकीच्या तयारीला येईल. यंदा आमच्या वहीत १ एप्रिलच्या आत तीन मंडळांची नावे लिहिली गेली. हळदीच्या वस्तीचे नाव त्यांत पहिले आहे.

जयभीम.